बॅटरी कूलिंगचे सेन्सर आणि त्यांचे दोष: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न दोन प्रकारच्या लोकांचे आहेत. पहिले गाडीमालक. चेक लाइट लागल्यावर सर्व्हिस सेंटरने बॅटरी पॅक बदलायला सांगितलेला असतो आणि खर्चाचा आकडा ऐकून त्यांना झोप लागत नाही. दुसरे पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांवर हात बसलेले मेकॅनिक, ज्यांच्याकडे आता हायब्रीड आणि इलेक्ट्रिक गाड्या यायला लागल्या आहेत. सोपे प्रश्न आधी घेतले आहेत, किचकट नंतर. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे क्रमांक दिला आहे.

गाडीतला दोष सांगणारे, स्कॅनरवर दिसणारे कोड देवनागरीत लिहिले आहेत. त्यातले ० म्हणजे सगळीकडे शून्य, इंग्रजी ओ नव्हे.

१. बॅटरीला थंड ठेवायची गरजच काय? आणि त्यासाठी किती सेन्सर असतात?

लिथियम-आयन सेलला साधारण माणसाला सोसेल तेच हवामान मानवते. ४५ अंशांच्या वर तो सतत राहिला की लवकर म्हातारा होतो. शून्याच्या खाली चार्ज केला तर आत धातुरूप लिथियमचा थर साचतो, आणि ते नुकसान भरून येत नाही. म्हणून बॅटरीचा कंट्रोलर, म्हणजे बीएमएस, तापमान बघूनच किती करंट द्यायचा आणि किती घ्यायचा ते ठरवतो.

थंडाव्याच्या पद्धती तीन. हायब्रीडमध्ये बहुधा ब्लोअर केबिनमधली हवा बॅटरीवरून फिरवतो. नेक्सॉन ईव्ही किंवा एमजी झेडएस ईव्हीसारख्या गाड्यांत कूलंट फिरते आणि गरज पडली की एसीच्या गॅसकडून ते गार केले जाते. तिसरा प्रकार निसान लीफच्या पहिल्या दोन पिढ्यांचा. तिथे बॅटरी थंड करणारी वेगळी यंत्रणाच नाही (प्रश्न १८).

सेन्सरही त्याच हिशेबाने बसवलेले असतात. सेलला चिकटलेले तापमान सेन्सर सगळ्यांत असतात. हवेच्या पद्धतीत आत येणाऱ्या हवेचा एक सेन्सर आणि ब्लोअरच्या वेगाची माहिती असते. कूलंटच्या पद्धतीत कूलंटचे तापमान, बाटलीतली पातळी, पंपाचा वेग आणि एसी गॅसचा दाब. टोयोटाच्या हायब्रीड प्रियसच्या दुसऱ्या पिढीत २८ मॉड्यूलच्या (सेलच्या गटांच्या) पॅकवर फक्त तीन तापमान सेन्सर आणि हवेचा एक सेन्सर आहे. म्हणजे प्रत्येक मॉड्यूलला सेन्सर असतो हा समज खरा नाही.

२. सेन्सर बिघडला हे गाडी चालवताना कळतं का?

कळते, पण स्पष्ट कळत नाही. गाडीची ताकद कमी होते, फास्ट चार्जिंग रखडते, हायब्रीडचे इंजिन विनाकारण चालू राहते, मागून ब्लोअरचा जोरात आवाज येतो, कधी चार्जिंग सुरूच होत नाही. अडचण अशी की बॅटरी खरोखर तापली तरी नेमकी हीच लक्षणे दिसतात. त्यामुळे लक्षणांवरून सेन्सरला दोष देता येत नाही. पहिला प्रश्न नेहमी एकच: दाखवलेले तापमान खरे आहे का?

३. घरी मी स्वतः काय काय बघू शकतो?

नारिंगी (उच्च व्होल्टेजची) केबल आणि बॅटरीचे झाकण सोडून बरेच काही. कूलंटच्या बाटलीतली पातळी (गाडी पूर्ण गार असताना), हवेची जाळी, १२ व्होल्टची छोटी बॅटरी, गाडीखाली कूलंटचे डाग, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी. १२ व्होल्टची बॅटरी मुद्दाम सांगितली, कारण ती मरायला टेकली की कंट्रोलर काहीही बरळतात. सकाळी गाडी बंद असताना तिच्यावर १२.२ व्होल्टच्या खाली दिसत असेल, तर आधी ती चार्ज करा आणि मगच कोड वाचा.

नारिंगी केबलच्या पलीकडे मात्र जाऊ नका. हायब्रीडमध्येही पॅकचा दाब १७५ ते २५० व्होल्ट असतो, इलेक्ट्रिक गाडीत ३०० च्या पुढे, आणि तो एकदिश प्रवाह आहे. त्याचा झटका जीव घेऊ शकतो. प्रशिक्षित माणूससुद्धा सर्व्हिस प्लग (पॅकचे सर्किट तोडणारा) काढतो, १००० व्होल्टसाठीचे रबरी हातमोजे घालतो, कपॅसिटर उतरायला वेळ देतो (टोयोटा किमान १० मिनिटे थांबायला सांगते) आणि मीटरने शून्य व्होल्ट बघूनच आत हात घालतो. प्लग काढल्यावरही पॅकच्या आतले सेल जिवंतच असतात, हे नवीन मुलांना पुन्हा पुन्हा सांगावे लागते.

४. ऑनलाइन मिळणारा स्वस्तातला ओबीडी डोंगल चालेल का?

हा डोंगल गाडीच्या निदानाच्या सॉकेटला लावून मोबाइलवर माहिती दाखवतो. कोड वाचायला चालतो, पण निदानाला बहुतेक वेळा अपुरा पडतो. साधी अ‍ॅप इंजिनच्या ठरावीक नोंदी वाचतात. बॅटरीचे एकेक तापमान, ब्लोअरचा टप्पा, पंपाचा वेग हे प्रत्येक कंपनीच्या स्वतःच्या भाषेत असते. तुमच्या मॉडेलच्या या खास नोंदी वाचणारे अ‍ॅप असेल तर उत्तम, नाहीतर चांगला मल्टिब्रँड स्कॅनर असलेले गॅरेज गाठा. खरेदी करण्याआधी एवढे बघा: अ‍ॅप बॅटरीची सगळी तापमाने वेगवेगळी दाखवते का? नुसती सरासरी दाखवत असेल तर त्या पैशांचा उपयोग नाही.

५. स्कॅनरवर जे कोड येतात त्यांचा अर्थ सोप्या भाषेत सांगाल का?

नेहमी येणारे असे:

पी०ए९बी: बॅटरी तापमान सेन्सरच्या सर्किटमध्ये काहीतरी गडबड.
पी०ए९सी: सर्किट शाबूत आहे, पण आकडा पटत नाही.
पी०ए९डी: सिग्नलचा व्होल्टेज फार कमी.
पी०ए९ई: सिग्नलचा व्होल्टेज फार जास्त.
पी०एएसी आणि त्याच्या पुढचे काही: बॅटरीकडे जाणाऱ्या हवेचा सेन्सर.
पी०ए८१: ब्लोअरचे कंट्रोल सर्किट. पी०ए८२: ब्लोअर सांगितल्याप्रमाणे फिरत नाही.
पी०ए७ई: बॅटरी पॅक जास्त तापला.

शेवटचा कोड सेन्सरचा नाही, हे लक्षात ठेवा. तरी पी०ए७ई बघून सेन्सर मागवणारे लोक भेटतात. उलट पी०ए८० (पॅक खराब झाल्याचा कोड) आला की बॅटरी बदला असा सरळ अर्थ काढला जातो. तिथेही आधी तापमान आणि ब्लोअर तपासायला हवा, कारण वर्षानुवर्षे गरम चाललेला पॅकच शेवटी तो कोड देतो. नवा पॅक त्याच बुजलेल्या जाळीमागे बसवला तर त्याचीही तीच गत होणार.

६. तापमान उणे ४० दाखवतंय. पुण्यात उणे ४०?

हा सगळ्यात सोपा दोष. जवळजवळ सगळे तापमान सेन्सर एनटीसी थर्मिस्टर असतात: तापमान वाढले की त्यांचा रोध कमी होतो. कंट्रोलर एका ठरावीक रोधातून ५ व्होल्ट पाठवतो आणि थर्मिस्टरवर किती व्होल्ट उरले ते मोजतो. वायर तुटली, कपलर (वायरी जोडणारा प्लग) निघाला की सगळेच ५ व्होल्ट उरतात. कंट्रोलरच्या हिशेबात ते महाभयंकर थंडीचे लक्षण, म्हणून उणे ४०. दोन वायरी एकमेकींना किंवा बॉडीला टेकल्या की व्होल्टेज शून्याजवळ जातो आणि आकडा शंभरीच्याही पुढे उडी मारतो.

इथेच अनेकजण फसतात. 'व्होल्टेज कमी' म्हणजे तापमान कमी असे वाटते, पण प्रत्यक्षात उलटे असते. पी०ए९डी सोबत अति गरम आकडा येतो आणि पी०ए९ई सोबत अति थंड.

पॅकच्या बाहेर, १२ व्होल्टच्या बाजूला असलेल्या कूलंट सेन्सरवर झटपट खात्री करता येते. कपलर काढा, स्कॅनरवर उणे ४० दिसायला हवे. कपलरच्या दोन पिना बारीक वायरने जोडा, आकडा टोकाला जायला हवा. दोन्ही झाले तर वायरिंग आणि कंट्रोलर ठीक, सेन्सर खराब. न झाले तर सेन्सरला हात लावू नका, वायर शोधा. ही चाचणी पॅकच्या आतल्या सेन्सरवर करू नका.

७. कोड आला म्हणजे सेन्सर बदलायचा, एवढंच ना?

नाही. थर्मिस्टर हा मण्याएवढा, कुठलाही हलता भाग नसलेला तुकडा आहे. तो बिघडतो, पण त्याच्यापर्यंत जाणारा कपलर, पिना, वायर आणि अर्थ त्याच्या कितीतरी आधी बिघडतात. त्याहूनही जास्त वेळा सेन्सर खरे बोलत असतो आणि बॅटरीच तापलेली असते: जाळी बुजलेली, पंप थकलेला, कूलंटमध्ये हवा, गॅस कमी. ताप आलेल्या माणसाचा थर्मामीटर बदलून ताप उतरत नाही.

म्हणून क्रम असा ठेवा. कोडसोबत साठवलेली त्या क्षणाची नोंद (फ्रीझ फ्रेम) आधी उतरवून घ्या, कोड उडवण्याची घाई करू नका. कोड आला तेव्हा गाडीचा वेग, बाहेरचे तापमान, चार्ज किती होता, ब्लोअर कुठल्या टप्प्यावर होता हे त्यात असते. एकदा कोड उडवला की ही माहितीही जाते, आणि पुढचे दोन दिवस अंदाजावर जातात. मग आकडा खरा आहे का ते ठरवा (प्रश्न ८ आणि ९). खोटा असेल तर वायरिंग, मग सेन्सर. खरा असेल तर कूलिंग.

८. आकडा खरा की खोटा हे बिनखर्चात कसं ठरवायचं?

गाडी रात्रभर सावलीत उभी ठेवा. चार्जिंगला लावू नका. सकाळी इग्निशन चालू करताक्षणी, गाडी हलवण्याआधी, बॅटरीची सगळी तापमाने, कूलंटचे तापमान, बाहेरच्या हवेचे तापमान वाचा. रात्रभरात सगळे एका पातळीला आलेले असते. मोठा पॅक सावकाश निवतो, त्यामुळे तो हवेपेक्षा थोडा गरम राहू शकतो. पण बॅटरीचे सेन्सर आपापसांत तीन-चार अंशांपेक्षा जास्त फरकाने बोलू नयेत. पाच सेन्सर २६-२७ सांगत आहेत आणि सहावा ३५ म्हणतोय, तर तो सहावा किंवा त्याची वायर संशयित.

ही चाचणी मला सगळ्यात आवडते कारण तिला हत्यार लागत नाही. पण तिच्यातून निसटणारा एक दोष आहे. तो पुढच्या उत्तरात.

९. मल्टिमीटरवर सेन्सरचा रोध किती यायला हवा?

तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला तक्ताच अंतिम. तरी अंदाजासाठी: २५ अंशांना १० किलोओहम देणारा थर्मिस्टर खूप वापरला जातो. तसा असेल तर शून्य अंशाला साधारण २७-२८ किलोओहम, ४५ ला सुमारे ५ आणि ६० ला सुमारे ३ येतात. सेन्सर बाहेर काढता येत असेल तर एका भांड्यात बर्फाचे पाणी, दुसऱ्यात कोमट पाणी आणि स्वयंपाकघरातला थर्मामीटर घेऊन दोन-तीन ठिकाणी मोजा. एकाच तापमानाला बरोबर आला म्हणून त्याला पास करू नका.

आता त्या निसटणाऱ्या दोषाकडे. समजा कपलरच्या पिनेवर गंज चढला आणि १ किलोओहमचा जादा रोध वाटेत बसला. सकाळी १० अंशांना थर्मिस्टर स्वतःच १८-२० किलोओहम असतो, त्यात १ ची भर पडून आकडा जेमतेम एखाद-दीड अंश चुकतो. कुणाच्या लक्षातही येत नाही. तीच गाडी दुपारी ४५ अंशांवर गेली की थर्मिस्टर ५ किलोओहमवर येतो. गंजाचा १ मिळवून ६ झाले, आणि कंट्रोलरला बॅटरी ४० अंशांच्याही खाली दिसते. म्हणजे गरज सर्वांत जास्त असताना कूलिंग उशिरा सुरू होते, आणि कोडही येत नाही.

ओलाव्याचे याच्या उलट होते. कपलरमध्ये पाणी शिरले की दोन पिनांमध्ये गळतीची वाट तयार होते. ती समजा ५० किलोओहमची असली तर २५ अंशांचे ३० दिसतात आणि शून्याचे थेट १०. उन्हात, ४५ च्या आसपास, चूक तीन अंशांवर येते.

थोडक्यात ओळख अशी: उन्हात खोटा थंड आकडा आला तर गंज किंवा ढिली पिन, गारठ्यात खोटा गरम आला तर ओलावा. म्हणून सकाळच्या चाचणीच्या जोडीला तासभर गाडी चालवल्यानंतरचीही नोंद घ्या. पॅकच्या बाहेरच्या सेन्सरसाठी इन्फ्रारेड थर्मामीटरने धातूचा भाग मोजून पडताळा करता येतो. चकचकीत अ‍ॅल्युमिनिअमवर तो चुकीचे सांगतो, काळी टेप लावून तिच्यावर मोजा.

१०. कोड पावसाळ्यात येतो आणि दिवाळीनंतर आपोआप जातो. असं का?

कारण प्रश्न ९ मधला ओलावा. कोकणात आणि गोव्यात हे जास्त दिसते, खारी हवा पिना हिरव्या करते. कपलर उघडून रबरी सील फाटले आहे का, पिनांवर हिरवट-पांढरी पूड आहे का बघा. कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा, सुकवा, सील बदला. पिनेची पकड ढिली झाली असेल तर नुसती सफाई टिकत नाही, पिन बदलावी लागते. सॅण्डपेपरने घासू नका, पिनेवरचा मुलामा निघून जातो आणि पुढच्या जूनमध्ये तोच कोड परत. आणि हो, प्रेशर वॉशरचा फवारा गाडीच्या पोटावर जवळून मारणे बंद करा.

११. हायब्रीडमध्ये 'बॅटरी गरम' असा संदेश येतो. सेन्सर तर ठीक निघाले. मग?

जाळी बघा. हायब्रीडची बॅटरी केबिनमधली हवा ओढते. ही जाळी बहुतेकदा मागच्या सीटच्या कडेला किंवा सीटखाली असते आणि तिच्यावर लोक पिशव्या, उशा, रेनकोट ठेवतात. तिच्यामागचा फिल्टर वर्षानुवर्षे कुणी बघत नाही. घरात कुत्रा असेल तर केस ब्लोअरच्या पंख्यावर नमद्यासारखे बसतात. ब्लोअर फिरतो, आवाजही करतो, पण हवा जात नाही. ब्लोअरचा वेग बरोबर असल्याने पी०ए८२ येत नाही, थेट पी०ए७ई येतो.

टोयोटाच्या स्कॅनरवर ब्लोअर ० ते ६ टप्प्यांत मुद्दाम चालवून बघता येतो. सहाव्या टप्प्यावर जाळीसमोर टिश्यू पेपर धरा. तो चिकटून बसला नाही तर वाट बंद आहे.

विदर्भातल्या वाचकांसाठी एक भर: बाहेर ४५ अंश असताना एसी बंद ठेवून मायलेज वाचवू नका. केबिन तापली की बॅटरीला मिळणारी हवाच गरम असते. ब्लोअर कितीही फिरला तरी ४५ अंशांच्या हवेने बॅटरी ४० वर येणार नाही.

१२. कूलंटची पातळी बरोबर आहे, तरी 'कूलंट कमी' दाखवतंय.

बाटलीतला पातळी सेन्सर म्हणजे बहुधा एक तरंगता चुंबक आणि त्याच्या ओढीने उघडझाप करणारा छोटा स्विच. तरंगता भाग गाळाने अडकतो, किंवा कूलंट बदलताना सिस्टिममध्ये राहिलेली हवा फेस करून त्याला नाचवते. बाटलीला हलकी टिचकी मारल्यावर संदेश गेला तर तरंगता भाग अडकलेला आहे. सपाट रस्त्यावर नाही पण घाटात संदेश येत असेल तर पातळी काठावर आहे.

हा सेन्सर क्षुल्लक समजू नका. २०११ मध्ये अमेरिकेत शेवरोले व्होल्टची बाजूने खांबावर धडक चाचणी झाली. बॅटरीला इजा झाली, कूलंट गळले आणि काही आठवड्यांनी उभ्या गाडीने पेट घेतला. त्यानंतर जानेवारी २०१२ मध्ये जनरल मोटर्सने जे बदल जाहीर केले त्यात बॅटरीभोवतीच्या मजबुतीसोबत कूलंटच्या टाकीला पातळी सेन्सर बसवणे हाही एक होता. तेव्हा 'संदेश त्रास देतोय, सेन्सरला जंपर मारून (वायरने जोडून) गप्प करून टाका' असे कुणी सुचवले तर त्याला गाडीपासून लांब ठेवा.

१३. पातळी कमी आहे तर नळाचं पाणी किंवा साधं कूलंट घालू का?

नळाचे पाणी कधीही नाही. त्यातल्या क्षारांमुळे वीज वाहते आणि वाहिन्यांत थर साचतो. कूलंट मॅन्युअलमध्ये लिहिले आहे तेच घाला. ह्युंदाई-किआच्या काही इलेक्ट्रिक गाड्यांत बॅटरीसाठी मुद्दाम वीज कमी वाहणारे निळे कूलंट असते. त्यात दुकानातले दुसरे मिसळले की त्याचा तो गुणच जातो. आणि मुळात पातळी का कमी झाली ते शोधा. हा बंद मार्ग आहे, कूलंट आपोआप उडून जात नाही.

भरल्यानंतर हवा काढणे विसरू नका. बऱ्याच गाड्यांत स्कॅनरवरून पंप ठरावीक क्रमाने चालवावा लागतो. हे केले नाही तर एअर लॉक होतो, पंप कोरडा फिरतो, आणि दुसऱ्याच दिवशी तापमानाचा कोड येतो. मग दोष बिचाऱ्या सेन्सरवर.

१४. एसीचा गॅस भरून घेतला आणि बॅटरीचा एरर यायला लागला. संबंध आहे का?

दाट संबंध आहे. कूलंटने गार होणाऱ्या बऱ्याच बॅटऱ्या गरम दिवशी एसीच्याच गॅसवर अवलंबून असतात. गॅस कमी भरला, तर केबिन कसाबसा गार होतो पण फास्ट चार्जिंगच्या वेळी बॅटरीला थंडावा पुरत नाही. गॅसचा दाब सेन्सर तीन वायरींचा असतो: ५ व्होल्ट, अर्थ, सिग्नल. त्याचा कपलर गॅस भरताना धक्क्याने ढिला होतो, तोही बघा.

गंभीर चूक तेलाची आहे. या गाड्यांचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो आणि त्याची मोटर त्याच तेलात भिजलेली असते, म्हणून वीज न वाहणारे पीओई जातीचे तेल लागते. नेहमीचे पीएजी तेल थोडेसेही गेले तर उच्च व्होल्टेजच्या सर्किटचे इन्सुलेशन घसरते आणि पी०एए६ येतो. गॅस भरायच्या मशिनच्या पाइपमध्ये आधीच्या गाडीचे तेल उरलेले असते, तेवढेही पुरते. गॅसवाल्याला गाडी देण्याआधी हे विचारा. त्याला प्रश्नच कळला नाही तर दुसरा शोधा.

१५. एकदम पाच-सहा सेन्सरचे कोड आले. सगळे एकाच वेळी कसे बिघडतील?

बिघडलेले नसतात. तीन जागा बघा: १२ व्होल्टची बॅटरी, सामाईक अर्थ, आणि सामाईक ५ व्होल्टची लाइन. एका दाब सेन्सरच्या आत शॉर्ट झाला की तो ती ५ व्होल्टची लाइनच खाली ओढतो आणि तिच्यावरचे बाकीचे निर्दोष सेन्सरही खोटे पडतात. या लाइनवरचे कपलर एकेक करून काढत जा. ज्याला काढताच ५ व्होल्ट परत येतील तो चोर.

१६. पी०ए९३ म्हणजेही बॅटरीचं कूलिंग ना?

नाही, तो इन्व्हर्टरच्या (बॅटरीची वीज मोटरसाठी बदलणाऱ्या भागाच्या) कूलिंगचा. प्रियसमध्ये बॅटरी हवेने आणि इन्व्हर्टर कूलंटने गार होतो, दोघांचा संबंध नाही. तिथे इन्व्हर्टरचा छोटा पंप बघा: बाटलीत कूलंट हलताना दिसायला हवे.

१७. एकाच सेन्सरचा आकडा बाकीच्यांपेक्षा सात-आठ अंश जास्त आहे. सेन्सर खोटा की तिथले सेल खराब?

फसवा प्रश्न आहे, आणि इथली चूक महागात पडते. रात्रभर उभ्या गाडीत फरक राहत असेल तर सेन्सर किंवा वायर (प्रश्न ८). सकाळी सगळे सारखे आणि चालवल्यावरच एक वर जात असेल तर उष्णता बहुधा खरी आहे. मग त्याच भागाचे व्होल्टेज बघा. जोरात वेग घेताना त्या ब्लॉकचे व्होल्टेज इतरांपेक्षा जास्त खाली बसते आणि ब्रेक मारून चार्ज होताना जास्त वर जाते का? तसे असेल तर त्या सेलचा आंतरिक रोध वाढला आहे. सेन्सर बदलून काही होणार नाही.

व्होल्टेज सगळ्यांचे सारखे वागत असेल तर थंडाव्याची वाट त्या बाजूला अडली आहे का बघा. हवेच्या पॅकमध्ये जाळीपासून लांबचा किंवा मधला भाग तीन-चार अंश गरम असणे स्वाभाविक आहे. सारख्याच मॉडेलच्या चांगल्या गाडीची नोंद हाताशी असेल तर वाद लगेच मिटतो. गॅरेजवाल्यांनी अशा नोंदी जपून ठेवाव्यात.

१८. आम्ही न्यूझीलंडमध्ये जपानहून आलेली जुनी लीफ वापरतो. तिच्यात एक तापमान दिसतच नाही. सेन्सर गेला का?

बहुधा नाही. सुरुवातीच्या लीफमध्ये चार तापमान सेन्सर होते, २०१३ पासूनच्या पॅकमध्ये तीन. अ‍ॅपमध्ये चौथ्याची जागा रिकामी दिसते, तो दोष नव्हे. आणि थंडावा देणारी यंत्रणाच नसल्याने लागोपाठ फास्ट चार्जिंग केले की तापमान चढत जाणार. उपाय म्हणजे थांबणे.

१९. पॅकच्या आतला एकच सेन्सर बदलून मिळतो का?

गाडीवर अवलंबून आहे. प्रियससारख्या पॅकमध्ये सेन्सर मॉड्यूलखाली क्लिपने लावलेले असतात, अनुभवी माणूस ते बदलतो. आधुनिक इलेक्ट्रिक गाडीत सेन्सर सेलवरच्या लवचिक पट्टीतच बसवलेला असतो. तिथे पट्टी किंवा पूर्ण मॉड्यूल बदलते. शिवाय पॅक आयपी६७ दर्जाचा, म्हणजे पाण्यात बुडाला तरी आत पाणी न शिरणारा असतो. तो उघडल्यावर नवे सील आणि हवाबंदपणाची चाचणी लागते. भारतात बऱ्याच कंपन्या बॅटरीला ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी देतात. ती चालू असेल तर बाहेर कुणालाही पॅक उघडू देऊ नका.

पण सर्व्हिस सेंटरने 'पॅकच बदला' म्हटले तर कोड, फ्रीझ फ्रेम आणि सकाळच्या तापमानांची प्रिंट मागा. ती मागणे हा तुमचा हक्क आहे, त्यात उद्धटपणा काही नाही.

२०. सेन्सरच्या जागी रेझिस्टर लावला तर कोड जातो असं एकाने सांगितलं. चालेल?

जातो. आणि कंट्रोलरला बॅटरी कायम २५ अंशांवर दिसते, ती पेटायच्या बेतात असली तरीही. रेझिस्टर निदानासाठी दोन मिनिटे लावायचा असतो, गाडी ग्राहकाला द्यायला नाही. काही कंट्रोलर न हलणारा आकडाही पकडतात आणि पी०ए९सी देतात. सगळेच पकडतात असे नाही.

२१. इलेक्ट्रिक स्कूटरलाही हेच लागू होतं का?

थोडेसेच. आपल्याकडच्या बहुतेक स्कूटरच्या बॅटरीला पंप, कूलंट वगैरे नसते. आवरणातूनच उष्णता बाहेर जाते. सेन्सर सीलबंद पॅकमध्ये असतात आणि बाहेरून तपासण्यासारखा फक्त कपलर उरतो. २०२२ च्या उन्हाळ्यात स्कूटर पेटल्याच्या घटनांनंतर दुचाकींच्या बॅटरीसाठीचे एआयएस-१५६ हे मानक कडक झाले. तरी तापमानाचा इशारा आला की स्कूटर उन्हातून काढा, चार्जर लावू नका, आणि पॅक फोडून बघायचा मोह टाळा.

२२. एरवी सगळं नीट. फक्त हायवेवर फास्ट चार्जिंगला लावली की तापमानाचा कोड येतो. सर्व्हिस सेंटरला नेली की काहीच सापडत नाही.

सापडणार कसे? तिथे गाडी गार झालेली असते. हायवेवर तासभर जोरात चालवून लगेच फास्ट चार्जर लावणे ही कूलिंगची सर्वांत कठीण परीक्षा आहे, आणि अर्धवट थकलेला पंप किंवा कमी गॅस तिथेच उघडा पडतो. प्रश्न ९ मधला गंजही तिथेच अंगावर येतो.

पुढच्या वेळी डोंगल लावून चार्जिंगच्या पूर्ण वेळेची नोंद ठेवा. तापमान हळूहळू, सगळ्या सेन्सरवर एकत्र चढत असेल तर उष्णता खरी: पंप, कूलंटमधली हवा, गॅस या क्रमाने बघा. कूलंटच्या आत-बाहेरच्या तापमानातला फरक वाढत गेला तर प्रवाह कमी पडतोय. फरक थोडाच राहून दोन्ही आकडे एकत्र चढत असतील तर कूलंट फिरतेय पण गार होत नाही, म्हणजे गॅसची बाजू. आणि एकच आकडा क्षणात दहा-वीस अंश उडाला, तर वायर किंवा पिन. एवढ्या मोठ्या पॅकचे खरे तापमान एका सेकंदात तेवढे बदलत नाही. ही नोंद आणि चार्जिंग सुरू केल्याची वेळ, दोन्ही सर्व्हिस सेंटरच्या जॉब कार्डला जोडून द्या.